जिवाणू तपासणीसाठी नळाच्या पाण्याचा नमुना कसा घ्यावा

पाणी पेल्यात धरून उजेडात बघा, वास घेऊन बघा, असले सल्ले देणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. नितळ पाण्यातही तो निघतो. तपासणी प्रयोगशाळेतच होते, पण ती बिघडते नळापाशी, म्हणून हा लेख मुख्यतः नळाबद्दल आहे.

आधी कोणतं पाणी तपासायचंय ते ठरवा. शहराचा पुरवठा तपासायचा असेल, तर थेट जलवाहिनीवरचा नळ हवा. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी दिलंत, तर तपासणी तुमच्या टाकीची होईल. शंका असेल तर दोन्हीकडचे नमुने एकाच वेळी घ्या. थेट नळाचा स्वच्छ आणि टाकीचा दूषित निघाला, तर तक्रार करण्याआधी टाकी धुवा.

बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. घरची बाटली उकळून घेतली तरी चालत नाही, कारण निर्जंतुक बाटलीत थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते पाण्यातला शिल्लक क्लोरीन निकामी करतं. ते नसेल तर वाटेत, बाटलीतच, क्लोरीन जिवाणू मारत राहतो आणि नळाला आलेलं दूषित पाणी अहवालात शुद्ध ठरतं. तळाशी दिसणारी पांढरी पूड किंवा थेंब म्हणजे तेच. ‘स्वच्छता म्हणून’ बाटली विसळणारे लोक नेमकं तेच ओतून टाकतात.

आता नळ. सुरुवातीला मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. एकाच वाहिनीवरच्या दोन नळांचे अहवाल जुळत नसत, आणि दोष पाण्यात नसून तोटीत असे. तोटीच्या तोंडाशी ओलसर थर साचतो, त्यात जिवाणू वर्षानुवर्षं सुखाने राहतात. जाळी लावलेली असेल तर विचारूच नका. म्हणून जाळी, रबरी नळी, फिल्टर, जे जोडलेलं असेल ते काढा. फिरती मान असलेला किंवा गरम-गार पाणी एकत्र देणारा नळ शक्यतो टाळा. चावीपाशी गळणारा नळ तर घेऊच नका: गळणारं पाणी बाहेरून ओघळत तोटीच्या तोंडाशी येतं आणि बाटलीत उतरतं. मग आत कितीही निर्जंतुक केलंत तरी व्यर्थ.

तोटी आतून-बाहेरून पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी जोरात सोडा आणि क्लोरीन आत्ताच मोजा. नंतर ब्लीचिंगच्या द्रावणाने तोटी पुसलीत, तर त्याचाच क्लोरीन मोजून बसाल. क्लोरीन मोजायची डीपीडीची गोळी थोड्या पाण्यात टाकल्यावर येणारा गुलाबी रंग तक्त्याशी ताडून बघा. लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं, तर अहवालाची वाट न पाहता पाणी उकळायला लागा.

मग नळ बंद करून तोंड निर्जंतुक करा. धातूची तोटी ज्योतीने तापवता येते. प्लास्टिकची असेल तर स्पिरिट किंवा ब्लीचिंगचं द्रावण लावून काही मिनिटं थांबा. स्पिरिट ओलं असताना जवळ ज्योत नेऊ नका, भाजेल. पुन्हा मिनिटभर पाणी सोडा, धार मध्यम करा आणि ती शेवटपर्यंत बदलू नका. चावी फिरवली की आतला थर सुटून येतो.

हात धुवा. बाटली तळाशी धरा, झाकण दुसऱ्या हातात, तोंड खाली. झाकण खिशात किंवा ओट्यावर ठेवायचं नाही, बाटलीवर बोलायचं नाही. खुणेपर्यंत भरा, वर थोडी हवा राहू द्या, लगेच बंद करा. काठोकाठ भरली तर नमुना हलवून मिसळता येत नाही.

चिठ्ठीवर जागा, वेळ आणि क्लोरीनचा आकडा लिहा, तोही तिथल्या तिथेच. कॅनडातल्या वॉकरटनमध्ये २००० साली ई. कोलायने ७ जण दगावले, २,००० हून अधिक आजारी पडले. चौकशीत निघालं की क्लोरीनच्या नोंदी खोट्या होत्या आणि नमुन्यांवर जागाही चुकीच्या लिहिल्या जात.

बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठू देऊ नका. सहा तासांत पोहोचली तर उत्तम, चोवीस ही हद्द.

अहवालात दोन ओळी बघा. नुसते कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्या मोठ्या गटात मोडतो ते जिवाणू) निघाले, तर ते माती किंवा वाहिनीतल्या थरातूनही आलेले असू शकतात. पुन्हा नमुना द्या, गळती शोधा. ई. कोलाय निघाला, तर मात्र माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात पोहोचली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १०० मिली पाण्यात तो एकही सापडता कामा नये, त्यामुळे ‘फक्त दोनच आहेत’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवा. तोवर पाण्याला खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवा, दोन हजार मीटरहून उंच राहत असाल तर तीन मिनिटं.

दुरुस्तीनंतरचा नमुना त्याच नळाचा घ्या. आणि पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर एकदा ते सुटल्या सुटल्याही एक नमुना घ्या. दाब नसताना गळक्या सांध्यांतून जी घाण आत ओढली जाते, ती पहिल्या पाण्यातच येते.