नव्या गाडीची स्क्रीन, हरवलेली बटणं आणि फोनची केबल: या चुका टाळा

गेल्या जुलैत माणगावकडून ताम्हिणी चढत होतो. गाडी मेहुण्याची. डिलिव्हरी घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, मागच्या सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. स्टिअरिंगवर मी. विळे मागे पडलं, पावसाचा जोर वाढला आणि दोन वळणांत समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. माझ्या जुन्या गाडीत अशा वेळी हात आपोआप खाली जातो, गोल नॉब सापडतो, फिरवला की हवा काचेवर. इथे हाताला लागली ती नुसती गुळगुळीत काळी पट्टी. स्क्रीनवर फोनचा नकाशा पसरलेला. मागून मेहुणा ओरडतोय, "दाजी, आधी ते घराचं चिन्ह दाबा... ते नव्हे, त्याच्या शेजारचं!" घराची चिन्हं दोन होती. एक फोनचं, एक गाडीचं.

कशीबशी एका कणीसवाल्याच्या टपरीपाशी गाडी घेतली. तिथे उभं राहून शांतपणे पाहिलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली, काचेवर हवा सोडायचं खरंखुरं, दाबायचं बटण गाडीत होतंच. चारही इंडिकेटर लावायच्या लाल त्रिकोणाच्या बाजूला, त्याच रांगेत, त्याच रंगाचं. तीन आठवड्यांत कोणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी: वाफ काचेच्या आतून नव्हतीच, बाहेरून होती. एक वायपर मारला असता तरी रस्ता दिसला असता.

तेव्हापासून कोणी "या नव्या गाड्यांत बटणंच देत नाहीत" म्हणून कुरकुर करायला लागलं की मी आधी विचारतो, असलेली बटणं मोजलीस का? कुरकुर खोटी नाही. पण त्यातला निम्मा वैताग आपणच ओढवून घेतलेला असतो.

पहिली चूक: गाडीशी ओळख रस्त्यावर करून घेणं

शोरूममध्ये पेढे वाटताना सेल्समन दहा मिनिटांत सगळं "समजावून" सांगतो. सनरूफ कसं उघडतं, दिव्यांचे रंग कसे बदलतात. काचेवर हवा सोडणारं डीफॉगर कुठे, मागच्या काचेची हीटर कुठे, स्क्रीन बंद पडली तर एसी कसा चालवायचा, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

घरी आल्यावर एक संध्याकाळ काढा. गाडी पार्किंगमध्ये, चहाचा कप हातात. सात-आठ कामं ठरवा: हवा काचेवर, पंखा कमी-जास्त, आतली हवा-बाहेरची हवा, मागची काच, वायपरचा वेग, चारही इंडिकेटर, आवाज बंद, स्क्रीनचा उजेड कमी. प्रत्येक काम आधी बघून करा, मग न बघता. न बघता जमत नाही ते काम चालत्या गाडीत करायचं नाही, एवढं स्वतःशी ठरवून टाका. स्टिअरिंगवरच्या बटणांनी आणि बोलून काय काय होतं तेही त्याच वेळी तपासा. बऱ्याच गाड्यांत बोलायचं बटण हलकं दाबलं की गाडीचा असिस्टंट येतो, धरून ठेवलं की फोनचा. हे ठाऊक नसेल तर माणूस महिनाभर चुकीच्या असिस्टंटशी भांडत बसतो.

मेहुण्याने यावर घरगुती तोडगा काढला. बायकोच्या पाकिटातली एक खड्याची टिकली त्या डीफॉगरच्या बटणावर चिकटवली. बोट फिरवलं की लागते. शोरूमवाला सर्व्हिसिंगच्या वेळी हसला म्हणे. हसू दे.

काच पांढरी झाली की घाईघाईने भलतंच दाबणं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाशी याची गाठ पडते.

आधी काचेला आतून बोट लावा. बोटाला ओल लागली, रेघ उमटली, तर वाफ आतली. आपल्या श्वासाने, ओल्या छत्र्यांनी, भिजलेल्या चपलांनी आतली हवा दमट झालेली असते. इथे एसी चालू हवा, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो. पुष्कळ जण नेमका इथेच तो बंद करतात. हवा काचेवर सोडा, तापमान थोडं वाढवा आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद करा. गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असतो ते बटण. मुंबईच्या धुरात ते चालू करून ठेवलेलं असतं आणि घाटातही तसंच राहतं.

बोट कोरडं राहिलं तर वाफ बाहेरची. एसीने काच थंडगार झाली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर साचली, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तशी. इथे वायपर मारा, तापमान वाढवा आणि काचेवरचा गार झोत बंद करा. आम्ही ताम्हिणीत नेमकं उलट केलं होतं. मेहुण्याच्या सांगण्यावरून स्क्रीनवर शोधून शोधून अठरा अंशांचा झोत काचेवर सोडला आणि काच आणखी पांढरी झाली.

बटण असो की स्क्रीन, काय करायचं हेच माहीत नसेल तर दोन्हींचा उपयोग सारखाच.

"दोनच सेकंद बघतोय" हा हिशेब

ताशी ६० च्या वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. समृद्धीवर १२० च्या वेगाने तेवढ्याच वेळात जवळपास ६७ मीटर. आणि स्क्रीनवरचं काम दोन सेकंदांत आटोपतंच असं नाही.

'व्ही बिलॅगारे' या स्वीडिश मोटार मासिकाने २०२२ मध्ये हे मोजून पाहिलं. अकरा नव्या गाड्या आणि सोबत २००५ सालची एक जुनी व्होल्वो व्ही ७०, बटणांनी भरलेली. ताशी ११० किलोमीटर वेगाने ठरावीक कामं करायची: सीटची हीटर आणि डीफ्रॉस्टर लावणं, रेडिओवर स्टेशन लावणं, ट्रिप मीटर शून्यावर आणणं, स्क्रीन बंद करणं अशी. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. जुन्या व्होल्वोत सगळं दहा सेकंदांत उरकलं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आर या गाडीत ४४.६ सेकंद लागले, म्हणजे १३७२ मीटर. पण त्याच चाचणीत स्क्रीन असलेल्या डाचिया सँडेरो आणि व्होल्वो सी ४० या गाड्यांनी चौदा सेकंदांच्या आत काम संपवलं. म्हणून सरसकट स्क्रीनला शिव्या घालण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न एकेका कामासाठी किती पायऱ्या उतराव्या लागतात हा आहे. गाडी घेताना टेस्ट ड्राइव्हमध्ये पिकअप सगळेच बघतात. एसीचं तापमान बदलायला किती वेळा बोट लावावं लागतं, तेही मोजा.

जर्मनीत तर हे प्रकरण कोर्टात गेलं. मुसळधार पावसात एका टेस्ला चालकाने वायपरचा वेग स्क्रीनवर बदलायला घेतला, गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवण्यावरची बंदी कायम केली. गाडीत बसवलेली स्क्रीन असली तरी ती शेवटी इलेक्ट्रॉनिक उपकरणच, असं न्यायालयाचं म्हणणं. कंपनीनेच वायपर तिथे ठेवला हा बचाव चालला नाही.

आता वारं थोडं फिरलंय. इंडिकेटर, चारही इंडिकेटर, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीचं बटण ही पाच कामं स्क्रीनमध्ये दडवली तर २०२६ पासून युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या चाचणीत पूर्ण गुण मिळत नाहीत. फोक्सवॅगननेही आवाज, तापमान, पंखा यांची बटणं पुढच्या गाड्यांत परत आणू असं २०२५ मध्ये जाहीर केलं. तोवर आपल्या दारात उभी आहे ती गाडी हाकायची आहे.

फोन जोडला जात नाही म्हणून स्टिरिओला दोष देणं

आमच्या सोसायटीतले एक काका स्क्रीनचं अख्खं युनिट बदलायला निघाले होते. अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनचा नकाशा-गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी जोडणी, दर दहा मिनिटांनी तुटायचं. वर्कशॉपने खर्चाचा आकडा सांगून झाला होता. मी त्यांचा फोन घेतला, चार्जिंगच्या भोकात लाकडी टूथपिक अलगद फिरवली. खिशातल्या कापसाचा चपटा गोळा बाहेर आला. केबल टच्च बसली. युनिट अजून तेच आहे. (सुई किंवा पिन घालू नका, फोन बंद करून लाकडी काडीच वापरा.)

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फोनचं भोक. मग केबल: रस्त्यावरची स्वस्त केबल पुष्कळदा फक्त चार्जिंगची असते, तिच्यातून माहिती जातच नाही. फोनसोबत आलेली किंवा चांगल्या कंपनीची, मीटरभरापेक्षा आखूड केबल घ्या. मग गाडीतलं भोक: दोन-तीन यूएसबी असतात, त्यातलं एकच फोन जोडायचं असतं, त्यावर बहुधा फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असतं. विजेच्या चिन्हाचं भोक नुसतं चार्जिंगचं.

एवढं करूनही जमेना तर गाडीच्या जोडण्यांच्या यादीतून फोन काढून टाका, फोनच्या यादीतून गाडी काढून टाका आणि नव्याने जोडा. दोन्हीकडून काढायचं. लोक एकीकडूनच काढतात आणि "करून बघितलं, होत नाही" म्हणतात. आयफोनवाल्यांनी सिरी चालू आहे का पाहावं, सिरी बंद असेल तर कारप्ले (आयफोनचं अँड्रॉइड ऑटो) सुरूच होत नाही. अँड्रॉइडवाल्यांनी बॅटरी सेव्हर बंद करून बघावा. वायरलेस जोडणीला बहुतेक फोनांत अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. शिवाय ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, पुढचं काम वायफायवर चालतं, त्यामुळे फोनचं वायफाय बंद ठेवून वायरलेसची वाट बघत बसू नका. फोनमध्ये व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारं ॲप) असेल तर तोही थोडा वेळ बंद करून पाहा.

स्क्रीनच थिजली असेल तर बऱ्याच गाड्यांत पॉवरचं किंवा आवाजाचं बटण दहा-पंधरा सेकंद धरून ठेवलं की ती नव्याने सुरू होते. कोणतं बटण ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि मॅन्युअल त्या खणात असतं जिथे आपण पीयूसी कोंबून ठेवतो. हे करताना गाडी उभी हवी.

मे महिन्यात सगळं वायरलेस

नकाशा चालू, गाणी चालू, वायरलेस जोडणी, खाली वायरलेस चार्जिंगचा पॅड आणि बाहेर विदर्भातलं ऊन. फोन तापतो, चार्जिंग थांबतं, नकाशा अडखळतो. लांबच्या प्रवासाला सरळ केबल लावा आणि फोन उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका. घाटात जायचं तर तेवढ्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. ताम्हिणीत रेंज जाते तेव्हा कितीही महागडी स्क्रीन असो, ती निळा ठिपका घेऊन रिकाम्या मैदानात उभी राहते.

आणि एक गैरसमज. गाडीला फोन जोडला म्हणजे हातात घेऊन काहीही करायला मोकळे, असं नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. जागेचं नाव टाइप करायचं ते गिअर टाकण्याआधी किंवा शेजारी बसलेल्याने.

जुन्या गाडीत बाहेरून स्क्रीन बसवताना

ॲक्सेसरीवाल्याला पहिला प्रश्न: कपलर (तारा न कापता जोडायचा तयार प्लग) लावणार की तारा कापणार? कापणार म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, वॉरंटीची भांडणं तिथूनच सुरू होतात. दुसरं, पिवळी तार कायमच्या करंटची आणि लाल तार किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या करंटची असते. काही जण घाईत दोन्ही एकत्र जोडतात. स्क्रीन झकास चालते, पण गाडी बंद केल्यावरही करंट खात राहते आणि चार दिवस उभी राहिली की सकाळी धक्का मारायची वेळ येते. तिसरं, स्टिअरिंगवरची बटणं नव्या स्क्रीनला चालतील का हे पैसे देण्याआधी त्याच्याकडून दाखवून घ्या. "चालतील साहेब" हे उत्तर धरायचं नाही.

गाडी विकताना

सर्व्हिस बुक, दुसरी किल्ली, इन्शुरन्स, सगळं आठवतं. स्क्रीन आठवत नाही. मी घेतलेल्या एका सेकंडहँड गाडीत जुन्या मालकाची अख्खी फोनवही होती: आई, दूधवाला, सोसायटी वॉचमन, आणि नकाशात 'घर' म्हणून त्यांचा पत्ता. सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा, गाडीचं ॲप असेल तर त्यातून मालकी काढून घ्या, आणि मगच किल्ली द्या.