दाढ काढली नाही, रूट कॅनाल केलं

भुसावळला आमच्याकडे अजूनही पहिला सल्ला हाच मिळतो: किडली ना, काढून टाक. मला खालची मोठी दाढ वाचवायची होती.

आधी गार पाण्याने कळ यायची, मग ती आपोआप थांबली. अशा वेळी बरं झालं असं धरू नये, आतली नस मेलेली असू शकते. पुढे चावताना ठणकू लागलं. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली. संसर्ग हाडापर्यंत पोचला होता.

गोळ्यांनी भागणार नाही का, विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, नस मेली की तिथला रक्तपुरवठाच बंद होतो, औषध पोचणार कसं? हे मला पटलं.

दाढ बधिर करून, रबराचा पडदा लावून त्यांनी बारीक फाइलींनी मुळांतली, नस असते ती एकेक नळी साफ केली. खालच्या मोठ्या दाढेत बहुधा 3 नळ्या असतात, कधी 4. एखादी सुटली तर दुखणं परत येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना घाई करू नका. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुऊन शेवटी गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरला. सुई टोचली तेवढंच काय ते दुखलं.

कॅप मात्र टाळू नका, पोखरलेली दाढ तडकते. कॅप बसेपर्यंत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मी दुसऱ्याच बाजूने चावली.