लॅपटॉपवर काम करताना मान-पाठ कशी सांभाळावी

लॅपटॉपची खोड त्याच्या बांधणीतच आहे. स्क्रीन आणि कीबोर्ड बिजागरीने जोडलेले, त्यामुळे एकाची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय. टेबलावर ठेवला तर मान खाली वाकते. उंचावर ठेवला तर खांदे वर चढतात आणि मनगटं मुरगळतात. म्हणून रोजचं काम तास-दोन तासांच्या वर जात असेल, तर आधी वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. महागडी खुर्ची नंतर बघू.

मांडणी खालून वर करत न्यायची.

आधी बैठक. पाठ टेकेल इतकं मागे सरकून बसा. कमरेच्या खोलगट भागाला आधार मिळत नसेल, तर टॉवेलची घट्ट गुंडाळी तिथे ठेवा. गुडघ्याची मागची बाजू आणि खुर्चीची कड यांत दोन-तीन बोटांची फट हवी.

मग कोपरं. खांदे सैल सोडा, कोपरं अंगालगत साधारण काटकोनात ठेवा. बोटं आपसूक जिथे पडतील, त्या उंचीवर कीबोर्ड हवा. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या, आणि पाय लोंबकळायला लागले तर खाली एखादं भक्कम खोकं सरकवा. कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात. ते उघडलेच पाहिजेत असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्यांनी मनगट वरच्या दिशेला वाकतं. मिटवून टाका. माउस कीबोर्डला खेटून असू द्या. उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांमुळे तो लांब जातो आणि दिवसभर हात ताणलेला राहतो. आकड्यांचं काम फारसं नसेल तर ती बटणं नसलेला छोटा कीबोर्ड बरा.

आता स्क्रीन. लॅपटॉपखाली स्टँड किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. अंतर साधारण हातभर, म्हणजे 50 ते 70 सेंटीमीटर. जवळचं-लांबचं एकत्र असलेला चष्मा वापरणाऱ्यांनी मात्र स्क्रीन आणखी थोडी खाली ठेवावी, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते. अक्षरं बारीक दिसली की माणूस नकळत पुढे झुकतो, मग मागचा आधार असून नसल्यासारखा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबून अक्षरं मोठी करा. खिडकी बाजूला असावी; समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीनवर चकाकी येते.

सगळं जमलं की कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा, पण लगेच नाही. अर्ध्या तासाने, तुमचं लक्ष नसताना. तपासणीच्या वेळी सगळेच ताठ बसतात!

वेगळा कीबोर्ड नसेल तर काम छोट्या टप्प्यांत करा आणि स्क्रीन मागे कलवून घ्या. मांडीवर ठेवायचाच झाला तर खाली कडक फळी घ्या. उशी-गादीवर हवेच्या जाळ्या बुजतात, आणि तापलेला तळ रोज कातडीला लागत राहिला तर तिथे जाळीदार डाग उमटू शकतात.

बैठक कितीही चांगली असली तरी तासन्‌तास तीच नको. अर्ध्या तासाने उठा, चार पावलं चाला. डोळ्यांसाठी 20-20-20 चा नियम सोपा आहे: दर 20 मिनिटांनी, 20 फुटांवरच्या वस्तूकडे, 20 सेकंद बघायचं. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून तेवढ्या वेळात मुद्दाम डोळ्यांची उघडझाप करा.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातल्या मज्जातंतूवर दाब येत असू शकतो. तेव्हा उंची बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.