बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेच्या दिवशी श्रद्धा कशी जपावी

कुलदैवताची पूजा, ओटी, अंगारा असे जे काही मनात असेल, ते आदल्या दिवशीच करून घ्यावे, कारण शस्त्रक्रियेच्या सकाळी बाळाला उपाशी ठेवलेले असते आणि आजीने मायेने भरवलेला पेढाही भूल देताना उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. साधारणपणे हलके अन्न 6 तास, आईचे दूध 4 तास आणि पाणी 2 तास आधी बंद करतात. तरीही भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच अंतिम मानावी. तीर्थही त्यातच आले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगावे. मनगटाचा काळा दोरा किंवा गळ्यातील ताईत काढायला सांगितल्यास तो स्वच्छ रुमालात बांधून आईने स्वतःजवळ ठेवावा. अंगारा अतिदक्षता विभागात मुळीच नेऊ नये, कारण जखमेला जंतुसंसर्ग होण्याचे भय असते. शस्त्रक्रिया कित्येक तास चालते, तेव्हा बाहेर बसून जप मनातल्या मनात करावा. शेजारच्या बाकावरचे कुटुंबही तितक्याच काळजीत असते. अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र उपास धरू नये, हे मी कळकळीने सांगते. तो वडिलांनी किंवा आत्याने धरावा. नवस बोलायचाच असेल, तर रक्तदानाचा बोलावा.