सासूबाईंची स्मरण-पुस्तिका: सेवापुस्तिकेतल्या रजांपासून सुरुवात करा

आमच्या सासूबाई सोलापुरात अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका होत्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही नातेवाइकांसाठी एक पुस्तिका काढली. तुमच्या घरातही असं कुणी होतं का? मग हे वाचा.

आधी सेवापुस्तिका, म्हणजे सरकारी नोकरीची नोंदवही, शोधा आणि तिच्यातलं रजांचं पान उघडा. नेमणूक, बदली, निवृत्ती कुणीही सांगेल. घर मात्र रजांमध्ये सापडतं. बाळंतपणाच्या रजा, दिरांच्या टायफॉइडची रजा. मामंजींची गिरणी बंद पडली, त्यानंतरच्या पानावर जवळजवळ रजाच नाही. तेव्हा घर कुणी ओढलं हे आम्हाला त्या कोऱ्या रकान्यांनी सांगितलं. प्रत्येक रजेपुढे घरात तेव्हा काय चाललं होतं ते पेन्सिलीने लिहीत जा. निम्मी पुस्तिका तिथेच तयार होते.

साल कुणाला विचारू नका, आठवत नाही. "गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी की नंतर?", "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे मूल केवढं होतं?" असं विचारा. भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, त्यावरून मागेपुढे मोजता येतं. अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. कुणी त्याआधीची अंगणवाडी सांगितली, तर ती बालवाडी असावी, पुन्हा विचारून घ्या.

ज्यांच्यासाठी त्या राबल्या, त्यांच्याकडे जाच. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत, जायचं तर कारखान्यात विड्या द्यायची वेळ टाळा. दुपारी जा, सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांशेजारी बसा. हात विड्या वळत राहतात आणि बोलणंही मोकळं होतं. "बाई कशा होत्या?" विचारलं की "चांगल्या होत्या" एवढंच हाती लागतं. "बाई पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा काय म्हणाल्या?" असं विचारा. तेलुगूत सांगत असतील तर तेलुगूतच सांगू द्या. फोनवर रेकॉर्ड करा, अर्थ नंतर लावता येतो.

एका बाबतीत मी कुणाचंच ऐकलं नाही, तुम्हीही ऐकू नका. नवऱ्याच्या मारातून सोडवलेली बाई, बालगृहात पोचवलेलं मूल, यांची नावं, फोटो, गल्ली काही छापायचं नाही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 मनाई करतं. बायकांच्या बाबतीत कायदा शोधत बसू नका. सासूबाईंनी ही नावं घरातसुद्धा कधी काढली नाहीत.

वंशावळीत मुली, सुना, जावई सगळे घ्या. सासूबाई फिरतीवर असताना मुलांना जेवू घालणाऱ्या शेजारच्या काकूंनाही त्याच पानावर जागा द्या, त्या घरच्याच.

अक्षरं मोठी ठेवा, वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. छापायला देण्याआधी ज्याचं बोलणं घेतलंत त्याला ते वाचून दाखवा. "हे नको" म्हणाले तर तो मजकूर काढा, कारण विचारू नका.