परदेशातून विंटेज गाडी नागपुरात आणताना
पैसे पाठवण्याआधी चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, कोरलेला क्रमांक मूळ कागदपत्रांशी पडताळून घ्यावा. त्याभोवती वेल्डिंगच्या किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या, तर रंग कितीही चकचकीत असला तरी व्यवहार सोडून द्यावा. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मोठे फेरबदल न झालेली गाडीच आपल्याकडे विंटेज म्हणून नोंदवता येते. सीमाशुल्क विभागातून गाडी सोडवताना दाखल केलेली बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, जिवापाड जपावी, कारण आरटीओकडे फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज) आणि विमापत्रासोबत तीही द्यावी लागते. नोंदणीशुल्क 20,000 रुपये असून नोंदणी 10 वर्षे चालते. रोजच्या वापरास मात्र मनाई आहे. नागपूरच्या मे महिन्यात रॅली काढायचीच असेल, तर चकाकत्या क्रोमआधी इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर तपासावा.