नव्या मोटारहोमला ओल आली, तर डीलरकडून दुरुस्ती पदरात कशी पाडून घ्यावी

इंग्लंडमध्ये मोटारहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली घरगाडी, घेऊन हिंडायला लागून आम्हाला १७ वर्षं झाली. सध्याची गाडी तिसरी. तिन्ही कोऱ्या घेतल्या आणि तिन्ही पहिल्या वर्षभरात डीलरकडे परत गेल्या. कधी कपाटाचं दार निखळलं म्हणून, कधी हीटर रुसला म्हणून, आणि दुसऱ्या गाडीच्या वेळी भिंतीत पाणी शिरलं म्हणून. शिवाय ओळखीच्या मराठी मंडळींच्या पाच-सहा गाड्यांची तक्रारपत्रं मीच लिहून दिली आहेत. त्यामुळे "अहो, जरा सिलिकॉन मारा की" असं कुणी म्हणालं की हल्ली माझं डोकंच फिरतं.

साठ-सत्तर हजार पौंड मोजलेली गाडी अशी कशी निघते, असं भारतातले नातेवाईक विचारतात. इंजिन, चाकं आणि केबिन हा भाग बहुतेक वेळा फियाट डुकाटोचा असतो. त्याच्या पाठीवरचं घर दुसराच कारखाना बांधतो, तेही बरंचसं हातानं. बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोलसारखा फोम, आतून प्लायवूड. खिडक्या, झरोके, दिवे, कठडे यांच्यासाठी त्याला भोकं पाडायची, त्यांच्या कडेच्या फटी सीलंटनं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट लुकणानं, बुजवायच्या आणि मग ते घर ताशी ६० मैलांनी खड्ड्यांतून पळवायचं. आमच्या पहिल्या गाडीत फ्रिजखाली लाकडाचा भुसा आणि चार सुटे स्क्रू सापडले होते. ते कुठले, हे आजतागायत कळलेलं नाही. पहिल्याच गोल चक्कराला खण उघडून मसाल्याचा डबा खाली आला आणि हळदीनं गालिचा कायमचा पिवळा झाला.

ताबा घेताना

दोन तास काढा, नळापासून गॅसपर्यंत सगळं चालवून बघा, दिसेल त्या दोषाचे फोटो काढा. "सर्व समाधानकारक" अशा ओळीखाली सही करायची झाली, तर आधी दोषांची यादी त्याच कागदावर लिहा.

पहिले ३० दिवस

ब्रिटनमध्ये ग्राहक हक्क कायदा २०१५ लागू आहे. गाडी सदोष निघाली, तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. म्हणून या ३० दिवसांत गाडीत किमान तीन-चार रात्री झोपा, आणि त्यातली एक तरी धो धो पावसाची असू द्या. ऑक्टोबरमध्ये ताबा घेऊन गाडी मार्चपर्यंत झाकून ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. मी तो केलेला आहे. या मुदतीत तुम्ही दुरुस्तीला हो म्हणालात, तर गाडी त्यांच्याकडे असेपर्यंत घड्याळ थांबतं. परत आल्यावर उरलेले दिवस किंवा ७ दिवस, यांपैकी जे जास्त असतील ते मिळतात. हे डीलर आपण होऊन सांगत नाही.

दोष कुणाच्या खात्यात

इंजिनाची वॉरंटी वाहन कंपनीची, घराची ते बांधणाऱ्या कारखान्याची, आणि हीटर, फ्रिज, संडास यांची ट्रुमा, डोमेटिक, थेटफर्ड अशा कंपन्यांची. कुठे फोन करायचा एवढ्यापुरतंच हे उपयोगाचं. तक्रारीआधी उपकरणाचं पुस्तक वाचा, एवढी मात्र विनंती. एका मित्रानं थंडीत रात्री गाडीखाली पाणी सांडताना पाहून सकाळी सातला मला उठवलं होतं. हीटरजवळची गोठण-झडप पारा ३ अंशांच्या आसपास आला की टाकी फुटू नये म्हणून आपोआप उघडते आणि पाणी सोडून देते. ते तिचं कामच आहे.

ओल शोधणे

कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या माणसाला ओलीचा वास शिकवावा लागत नाही. गाडीत शिरताक्षणी तो कुबट, जुन्या गोणपाटासारखा वास आला की गाद्या उचला आणि कपाटांचे मागचे कोपरे हातानं चाचपा. प्लायवूड दाबल्यावर किंचित आत जातं का, भिंतीचा कागद फुगलाय का, स्क्रूच्या डोक्याभोवती तपकिरी कडं आहे का, हे बघा.

मग दोन टोकांचा ओलमापक घ्या. वीस-तीस पौंडांत कामापुरता मिळतो. खिडक्यांचे खालचे कोपरे, छत आणि भिंत जिथे मिळतात त्या कडा, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू, बाथरूमची जमीन, अशा ठिकाणी टोकं टेकवा. ढोबळ हिशेब असा: १५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवा, २० च्या वर पाणी कुठून तरी येतंय, आणि ३० च्या वर आतलं लाकूड कुजायला लागलेलं असण्याची शक्यता मोठी. सकाळचा चहा उकळून झाल्यावर मोजू नका, खिडकीवरची वाफ आकडा फुगवते. पत्र्याला किंवा चंदेरी कागदाला टोक लागलं तरी आकडा खोटा येतो. एकाच जागी तीनदा मोजा, मापक आणि जागा एकाच फोटोत येऊ द्या. मी भिंतीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावतो, त्यावर तारीख आणि आकडा लिहितो आणि मग फोटो काढतो. पाणी भिंतीच्या आतून वाट काढत दुसरीकडेच उगवतं. तेव्हा ओल दिसते तिथेच भोक असेल असं धरून चालू नका.

आणि स्वतः काहीही लावू नका. घरगुती सिलिकॉन तर मुळीच नको. एकदा ते लागलं की पुढे योग्य सीलंट त्या जागी धरत नाही, आणि डीलरला "तुम्हीच छेडछाड केलीत" म्हणायला आयतं कारण मिळतं. पाऊस थांबत नसेल, तर वरून ताडपत्री टाका.

खरं घोडं अडतं ते इथे

दुसरी गाडी आम्ही २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये घेतली. मार्चमध्ये पहिल्या सहलीला निघालो तेव्हा मागच्या डाव्या कोपऱ्यात २६ आकडा आला. डीलरला फोन केला. बाई फार गोड बोलल्या आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. गाडी नेली. "कारखान्याची मंजुरी आली की काम करू," म्हणाले. मी कारखान्याला फोन केला. ते म्हणाले, डीलरशी बोला. दोघंही खरंच बोलत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये आमचं भिजत घोंगडं, अगदी शब्दशः. उन्हाळाभरात त्यांनी तीनदा बाहेरून सीलंटची रेघ ओढून गाडी परत दिली आणि तिन्ही वेळा पहिल्या मोठ्या पावसात आकडा पुन्हा चढला.

एका कॅम्पसाइटवर शेजारच्या गाडीतल्या निवृत्त बाईंना मी ही कहाणी सांगत होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यातलं लेखी किती आहे?" सहा महिन्यांत मी १४ फोन केले होते. लेखी एक ओळ नव्हती.

आता नीट वाचा, कारण इथेच लोक वर्षं घालवतात. तुम्ही पैसे डीलरला दिलेत, त्यामुळे तुमचा करार डीलरशी आहे. कारखान्याची वॉरंटी ही वेगळी, वरची सोय. तिच्यात अटी असतात. उदाहरणार्थ, दरवर्षी ठरलेल्या मुदतीत घराच्या भागाची तपासणी करून पुस्तकावर शिक्का घेतला नाही, तर पाणी शिरण्याची हमी रद्द होऊ शकते. ती तपासणी चुकवू नकाच. पण २०१५ च्या कायद्याचा हक्क वॉरंटीवर अवलंबून नाही आणि कारखान्याच्या मंजुरीवर तर नाहीच. कारखाना डीलरला पैसे देतो की नाही, हा त्या दोघांचा घरगुती मामला. "मंजुरीची वाट बघतोय" या वाक्याला माझं उत्तर आता ठरलेलं आहे: बघा, पण माझी मुदत चालू आहे.

दुसरी गोष्ट. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष गाडी देतानाच होता, असं कायदा धरून चालतो. तसा नव्हता हे दाखवणं डीलरचं काम. सहा महिन्यांनंतर ते ओझं तुमच्यावर येतं. म्हणून ओल दिसली त्याच दिवशी ईमेल गेला पाहिजे, दोन ओळींचा का होईना.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. ३० दिवस उलटल्यावर डीलरला दुरुस्तीची संधी मिळते, पण ती एकच. त्या दुरुस्तीनंतरही दोष राहिला, तर तुम्ही किंमत कमी करून मागू शकता किंवा गाडी परत करू शकता. परत करताना वापराबद्दल काही रक्कम कापली जाते. मोटार वाहनाच्या बाबतीत ही कपात पहिल्या सहा महिन्यांतही होऊ शकते. मी तीन संधी दिल्या होत्या, त्याही फुकट, कारण पहिली संधी कुठली हे कागदावरच नव्हतं.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण आशय एवढाच ठेवा:

"अमुक तारखेला तुमच्याकडून घेतलेल्या अमुक क्रमांकाच्या गाडीत मागच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी शिरत आहे. ओलीचे आकडे व फोटो सोबत आहेत. ग्राहक हक्क कायदा २०१५ प्रमाणे गाडी समाधानकारक दर्जाची नाही. कलम २३ खाली मी दुरुस्ती मागत आहे. ती वाजवी मुदतीत, मला मोठी गैरसोय न होता, तुमच्या खर्चाने व्हावी. गाडी कधी आणायची व कधी परत मिळेल, हे १४ दिवसांत लेखी कळवावे. या दुरुस्तीनंतर दोष राहिल्यास कलम २४ खालील माझे हक्क मी वापरीन."

बास. सुट्टी वाया गेली, मुलं रडली, बायको चिडली, हे काही लिहू नका. मी पहिल्या मसुद्यात अडीच पानं रडगाणं लिहिलं होतं, बायकोनं त्यावर उभी काट मारली. धमकी नको, समाजमाध्यमांवर बदनामीची भाषा तर नकोच, कारण मग उत्तर सर्व्हिस विभागाकडून न येता त्यांच्या वकिलाकडून येतं. ईमेल करा आणि तेच पत्र पोहोच मिळणाऱ्या टपालानं मालकाच्या किंवा संचालकाच्या नावे पाठवा. कारखान्याला हवी तर प्रत द्या, पण मागणी डीलरकडेच. फोन आला, तर बोला, आणि ठेवल्या ठेवल्या "आत्ता आपलं असं बोलणं झालं" असा ईमेल टाका. आम्हाला सहा महिन्यांत जे मिळालं नव्हतं ते त्या पत्रानंतर नवव्या दिवशी मिळालं: तारीख.

गाडी परतच का केली नाही, असं मंडळी विचारतात. कपातीचा हिशेब केला, आणि खरं सांगायचं तर गाडीच्या आतली मांडणी बायकोच्या मनात बसली होती.

गाडी सोपवताना

किलोमीटर नव्हे, इथे मैलांचा आकडा, तो टिपा. जुने ओलीचे आकडे कामाच्या कागदावर लिहून घ्या. "सील केले" एवढ्यावर समाधान मानू नका. पाणी कुठून येत होतं, काय उघडलं, आतलं लाकूड बदललं का, वाळवायला किती दिवस ठेवलं, हे लेखी मागा. आमच्या गाडीचा मागचा पत्रा काढला तेव्हा आतल्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या आणि एक तर नखानं सुटत होती. गाडी सात आठवडे तिथे राहिली. ओली भिंत दोन दिवसांत वाळत नाही, त्यामुळे शुक्रवारी नेली आणि सोमवारी मिळाली, तर काम झालेलं नाही असं समजा. गाडी कारखान्यातच न्यावी लागणार असेल, तर नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, हे आधीच लेखी ठरवा.

तरीही ऐकलं नाही तर

हप्त्यांवर, म्हणजे हायर पर्चेसनं गाडी घेतली असेल, तर तुमचं नशीब बरं. कायद्यानं विकणारी फायनान्स कंपनी ठरते, तक्रार तिच्याकडे करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा, तिथे ग्राहकाला एक पैसा लागत नाही. क्रेडिट कार्डावर नुसता इसार भरला असेल, तरी १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५ लागतं, म्हणजे डीलरइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार ठरते, पण वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच असली तर. म्हणजे जुन्या गाडीला उपयोग, नव्या कोऱ्याला बहुधा नाही.

रोखीनं घेतली असेल, तर स्वतंत्र तपासनिसाचा अहवाल घ्या. त्याला काही शे पौंड पडतात, पण डीलरचा सूर बहुतेक वेळा त्या अहवालानंच बदलतो. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लहान दाव्यांच्या न्यायालयात लावता येतो, मुदत सहा वर्षांची. स्कॉटलंडचे नियम वेगळे, तिथे मुदत पाच वर्षं.

गाडी परत आली की त्याच चिकटपट्ट्यांच्या जागी पुन्हा मोजा: पहिल्या मोठ्या पावसानंतर, मग महिन्यानं, मग हिवाळा संपल्यावर. आमच्या कोपऱ्यात वाळल्यावर ११ होता आणि फेब्रुवारीत १३. ते सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवले होते. २०२२ मध्ये ती गाडी विकली तेव्हा घेणाऱ्या माणसानं चहा थंड होईस्तोवर ती फाइल वाचली आणि मगच किल्ली मागितली.